प्रांजलचा गडी

कोंडिबा ढेबेला कुणी 'गडी' म्हटलं की त्याची छाती फुगायची. वेल्ह्याच्या वरच्या वाडीत म्हशींमागं त्याचा जन्म गेला. तिथं गडी म्हणजे एका दमात डोंगर चढणारा बाप्या. त्यामुळं शेजारच्या दत्तानं सांगितलं, की तुझ्या पोरीनं, प्रांजलनं तुझा व्हिडिओ टाकलाय, खाली 'आमचा गडी' असं लिहिलंय, तेव्हा हा खुळा चार जणांना सांगत फिरला. नोकरालाही गडीच म्हणतात, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

एसटी स्टँडवरच्या चहावाल्या कुमारनं मग त्याला बाजूला घेऊन सगळंच दाखवलं. कोंडिबा पुण्याच्या एका मालकाचा वाडीजवळचा बंगला सांभाळायचा. झाडून येते म्हणून प्रांजल किल्ली न्यायची आणि तिथल्या झोपाळ्यावर, पांढऱ्या जिन्यावर मोबाईल लावून मिरवायची. 'आमचं फार्महाऊस.' बारा हजार लोकांना ते खरं वाटत होतं. आणि व्हिडिओत म्हशी धुणारा बाप त्या फार्महाऊसचा नोकर.

राग आलाच. पण पोरीची आई गेल्यापासून तो तिला कधी टाकून बोलला नव्हता. आज ना उद्या स्वतःच लाजून पुसून टाकेल, म्हणून गप्प बसला.

लाजते कशाची! रविवारी भोरच्या कॉलेजातल्या तिच्या चार मैत्रिणी बंगला बघायला आल्या. आदल्या दिवशी तिनं बापाला एवढंच बजावलं होतं, की मला नावानं हाक मारू नका.

त्यानं मारली नाही. दार उघडलं, पिशव्या उचलल्या, चहा केला. पोटच्या पोरीलाही 'ताई, साखर किती?' असं विचारलं. एकदा तरी 'आबा' म्हणेल म्हणून कप देताना तो तिच्यापुढं जरा जास्तच थांबला. तिनं कप घेतला, फोटो काढला. कपाचा.

मैत्रिणींतली सानिया मनानं चांगली होती. तिनं त्याला बसायला सांगितलं, नावगाव विचारलं आणि सहज म्हणाली, "काका, तुम्हाला मुलं किती?"

प्रांजलनं मोबाईलमधून पहिल्यांदाच मान वर केली. सांगू नका, असं तिचे डोळे म्हणत होते.

"एक पोरगी व्हती," कोंडिबा म्हणाला.

सानियाचा चेहरा उतरला. कशानं गेली, तिनं हळूच विचारलं.

"आमालाबी कळलं न्हाई, ताई," तो म्हणाला, आणि प्रांजलच्या हातातला रिकामा कप घेऊन मोरीकडं गेला.