शेठना दाखवलेला दगड

विरार पूर्वेच्या खदानीत लाव्हाच्या आडव्या थरांना चिरत एक काळी दगडी भिंत उभी होती. आम्ही भूवैज्ञानिक तिला डाइक म्हणतो. किनाऱ्यालगतची जमीन ताणून फाटली, तेव्हा वितळलेला दगड त्या फटीत चढून गोठला. नेमका कधी, ते शोधणं माझं काम. वय काढायला न झिजलेला, टणक दगडच लागतो, हे मी खदानवाल्या शेठना कौतुकाने समजावलं. हातोडा मारून दाखवलंसुद्धा.

पहिल्या नमुन्याचं वय पक्कं होईना, म्हणून पुन्हा गेले. भिंतीच्या जागी नुसती खाच!

"मॅडम, तुम्ही दाखवलेला माल एक नंबर निघाला. सगळी खडी नायगावच्या टॉवरला गेली," शेठ चहा पुढे करत म्हणाले.

जीभ झडो माझी, मी "थँक्यू" म्हणाले.