एका वेळी दोनच शर्ट

जो श्वास देतो, पण गठ्ठ्याने देत नाही. एक घेऊन झाला की मगच दुसरा हातावर ठेवतो. ज्याच्या दारी घाई नाही आणि ज्याच्या दारावरून कुणी रिकामं परतत नाही, त्या दयाघनाला आधी नमस्कार! जन्माचं सारं त्याने एकदम पदरात टाकलं असतं, मायबापहो, तर त्याच्या दाराकडे आपण पुन्हा फिरकलो असतो का?

हे मर्म एका म्हातारीला पुरतं उमगलं होतं. लोक तिला काजकाकू म्हणत. ऐंशी ओलांडलेली, पण नजर सुईसारखी, आणि जीभ सुईहून टोकदार. गल्लीतल्या टेलरबाईंकडून रोज दोन शर्ट आणायचे, त्यांची काजं घरी बसून हाताने करायची आणि दुसऱ्या दिवशी नेऊन द्यायची, हा तिचा नेम.

"काकू, सगळा गठ्ठाच न्या की," टेलरबाई म्हणायच्या.

"गठ्ठा नेला तर उद्या तुझं तोंड कोणत्या निमित्ताने बघू?"

जाता-येता पाववाल्याशी हुज्जत, चपला शिवणाऱ्या दादाला टोमणा.

"दादा, माझी चप्पल काही तुटेना. धंदा बुडणार बघा तुमचा!"

"तुम्ही अशाच चालत राहा काकू, आज ना उद्या तुटेलच!"

दोन शर्टांपायी अख्खी सकाळ जायची, आणि ती सकाळच तिला जगवत होती. औषधाच्या बाटल्या घरात होत्या. खरं औषध जिना उतरल्यावर मिळत होतं.

एके दिवशी त्याच जिन्याच्या वळणावर तिचा पाय घसरला. कठडा हाती आला म्हणून वाचली. तशीच दुकानात पोचली आणि टेलरबाईंच्या कानाशी लागली. "तुलाच सांगते हो. पोराला कळलं तर माझं उतरणंच बंद करील."

टेलरबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. "माझ्या पोटात राहील, काकू."

पोटात राहिलं नाही. संध्याकाळी मुलगा घरी आला तो चादरीत बांधलेला भला मोठा गठ्ठा घेऊन.

"आई, आता जिना नको. काम मीच आणीन, मीच पोचवीन. तू आरामात बस."

"तुला कुणी सांगितलं?"

"टेलरबाईंचा फोन आला होता. काळजीपोटीच केला गं त्यांनी."

सुई होती तिथेच थांबली. वैऱ्याने घाव घातला तर ढाल पुढे करता येते. पण ज्या कानाशी जीव ठेवला, त्या कानानेच फितूर व्हावं? केसाने गळा कापला बाईने, काकूच्या मनात आलं, आणि वर म्हणे काळजी!

मुलाने आईचे पाय जपले, हे खरं. पण गुडघे आखडले. हुज्जत घालायला कुणी उरलं नाही, तशी जेवणाचीही चव गेली. गठ्ठा कोपऱ्यात तसाच. दिवसाकाठी एखादं काज झालं तर झालं. सूनबाई नवऱ्याला म्हणाली, "आईंचे पाय वाचवलेत हो, पण त्यांचं बोलणं कुठे गेलं?"

झालेलं काम परत येईना, म्हणून शेवटी टेलरबाईच घरी आल्या. दारातच थबकल्या.

"रागावलात, काकू?"

"रागवायला माणूस आपलं लागतं."

"आणि तुम्ही पडला असतात म्हणजे? सगळं माहीत असून मी गप्प बसले, असं झालं असतं. मला जन्मभर झोप लागली नसती!"

"म्हणजे तुझ्या झोपेसाठी माझी सकाळ दिलीस. अगं, पडले असते तर माणसांत पडले असते. पाववाला धावला असता, दादा धावला असता. इथे दिवसा एकटी असताना पडले तर काय भिंत धावणार आहे?"

आत मुलगा ऐकत होता. तो बाहेर आला. गठ्ठ्याची गाठ सोडली, दोन शर्ट काढून आईच्या मांडीवर ठेवले आणि उरलेले टेलरबाईंच्या हाती दिले.

"एवढेच कर, आई. उद्या तूच नेऊन दे."

सकाळी काकू निघाली. जिन्याच्या वळणावर टेलरबाई हात पुढे करून उभ्या. काकूने त्या हाताकडे पाहिलं आणि कठडा धरला.

"राहू दे. तू पुढे हो."

मध्ये एक पायरी राखून दोघी उतरल्या. खालून दादाने हाक दिली, "आलात का काकू! चप्पल तुटली होती की काय?"

"चप्पल शाबूत आहे हो. तुटलं ते दुसरंच."

दुकानात तिचं स्टूल जागेवर होतं. ती बसली. पावाच्या भावावर बोलली, सुनेवर बोलली, काजावर बोलली. पण पाय दुखतो हे मात्र तिने टेलरबाईंना पुन्हा कधीच सांगितलं नाही.

कृपावंता, तुझ्या या लेकीच्या हाताला कठडा असू दे आणि जिभेला हुज्जत असू दे. तिच्या मुलाचे कान असेच उघडे ठेव, सुनेचे डोळे असेच जागे ठेव. आणि भिऊन बोललेल्या त्या टेलरबाईंनाही पदराखाली घे. दोघींत उसवलेलं एकदम शिवलं जाणार नाही, हे तूही जाणतोस. तेव्हा रोज एक टाका घाल. त्या घरावर सकाळ उगवत राहो, देवा. एका वेळी एकच, पण रोज उगवो.