गयाकाकूची मोटार आणि येळवसचे पाहुणे

गयाकाकूची पाण्याची मोटार चोरीला गेली, तेव्हा ती विहिरीतून ओढून काढणारा चौथा माणूस मी होतो. हे आधीच सांगून टाकतो. आमच्या गावात ही गोष्ट कुणीही सांगायला घेतली की सुरुवात इथूनच करतो, मग माझ्या तोंडून ती निदान धड तरी बाहेर पडावी.

मी लातूरला एका शाळेत चित्रकला शिकवतो. शेत गावाकडं, निलंगा रस्त्याला. शेजारचं रान माझ्या चुलत चुलतीचं, म्हणजे गयाकाकूचं. काका गेल्यापासून ती एकटी शेती बघते आणि आमच्यापेक्षा चांगली करते. (आमच्यापेक्षा वाईट करायची तर मुद्दाम कष्ट घ्यावे लागतील.)

तो दिवस येळवसचा. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी अख्खं लातूर घरांना कुलपं घालून रानात जातं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, उभारायची, आत पांडवांची पूजा करायची आणि मग भाज्या-डाळींची मिसळ भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, वर गाडगंभर आंबील. आमच्याकडं एक नियम आहे : वाटेनं जाणारा ओळखीचा असो की अनोळखी, त्याला हाक मारून जेवू घालायचं. तो नको म्हणाला तर धरून आणायचं. पोट भरलंय म्हणाला तर त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही.

गयाकाकू त्या वर्षी भावाच्या रानात येळवस करायला औशाकडं निघाली होती. जाताना बांधावर थांबून म्हणाली, "सुधाकर, माझ्या रानाकडं ध्यान ठेव रं. गहू पाण्याला आलाय. उद्या मोटार चालू करायचीय."

"काकू, मी हाय की," मी म्हणालो.

दुपारी जेवण झाल्यावर ते जिरवायला मी बांधानं फिरायला निघालो. पाहतो तर काकूच्या विहिरीवर तिघे जण दोर ओढत होते. बाजूला टेम्पो उभा.

"काय करलालाव?" मी विचारलं.

त्यातला मिशीवाला जरा दचकला. मग म्हणाला, "मोटार जळलीय. रिपेरीला न्यायलोय. मालकिणीनं सांगावा धाडला हुता."

आता इथं कुणालाही शंका आली असती. मला आली ती दयेची. येळवसच्या दिवशी, सगळी दुनिया भज्जी खात असताना, ही बिचारी पोरं काम करतायत! शिवाय त्यांना दोर धड ओढता येत नव्हता. सदोष काम बघितलं की मास्तराचा हात शिवशिवतो. "असं न्हाई," मी म्हणालो, "पाय कठड्याला लावा. मी म्हणल्यावर एकदम ओढा." मी म्हणालो, त्यांनी ओढली, मीही ओढली. मोटार वर आली. टेम्पोत चढवताना जड बाजू मी घेतली, कारण मिशीवाल्याच्या कंबरेत उसण भरली होती.

"चला, येतो साहेब," ते घाईनं म्हणाले.

"येतो कसं? येळवस हाय. उपाशी जाऊ देऊ व्हय?"

ते नको नको म्हणत होते, त्यामुळे ते चांगल्या घरचे असावेत असं माझं मत झालं. मी त्यांना दंडाला धरून कोपीत आणलं. माझ्या बायकोनं, मंगलनं, पानं मांडली. तिचा भाऊ विलास भोकरहून खास येळवस बघायला आला होता. त्यालाही वाढप्याचं काम दिलं. त्या तिघांतला बारका सारखा टेम्पोकडं बघत होता. मंगल म्हणाली, "खा वो दादा, काम कुठं पळून जातंय?" आणि त्याच्या पानात आणखी भज्जी घातली. आंबील त्यांनी इतकी प्यायली की मिशीवाला कोपीला टेकून घोरायला लागला. मीच त्याला हलवून उठवलं. ऊन कलत होतं, दुकान बंद होईल, काकूची मोटार कधी दुरुस्त व्हायची?

पुढं टेम्पो विहिरीजवळच्या चिखलात रुतला. मी मागून ढकलला. विलासनंही ढकलला. माझा गाल टेम्पोच्या फळीला घट्ट चिकटला होता आणि फळीवर रंगवलेला मोर माझ्या डोळ्यांपासून चार बोटांवर होता. शेवटी टेम्पो निघाला, आम्हा दोघांना चिखलानं माखून. बारक्यानं खिडकीतून हात हलवला. मीही हलवला.

दिवस मावळायला काकू परतली. मी मोठ्या उत्साहानं म्हणालो, "काकू, मोटार दिली बरं का रिपेरीला. पोरं लई चांगली हुती."

"कुठली मोटार?"

"तुझी. जळलेली."

"काल सांजच्याला तर चालू हुती."

काकू चालत विहिरीपाशी गेली आणि वाकून आत बघत उभी राहिली. मोटार नाही हे दिसत असूनही ती बराच वेळ बघत होती. मागं तिचा गहू होता, हिरवागार, आठवडाभरात पाणी मिळालं नाही तर हातचा जाणारा. मला इतकी लाज वाटली की मीच विहिरीत उतरावं असं वाटलं. (पोहता येत नसल्यानं विचार रद्द केला.)

बातमी रानोमाळ झाली. आजूबाजूच्या कोपींतले लोक जमले आणि प्रत्येकानं सल्ला दिला. सल्ला एकच होता : पोलिसांत जाऊ नका.

"दाजी, तिथं गेलात तर आधी तुम्हालाच आत घालतील," विलास म्हणाला. "मोटार तुम्ही उचलली. टेम्पो आपण दोघांनी ढकलला. मला उद्या भोकरला जायचंय."

पलीकडच्या रानातले दिगंबरआबा गावात वडीलधारे. ते म्हणाले, "गेलेली चीज येती व्हय कधी? आन् येळवसला जेवू घातलेल्या माणसावर केस करायची? पांडव बघतेत. पाप हाय ते."

हा मुद्दा मला फार पटला. त्यात धर्मही राखला जात होता आणि माझी अब्रूही. मी मान डोलवायला सुरुवात केली होती, तेवढ्यात काकू विहिरीकडून आली.

"तुझ्याकडं जेवले ते तुझे पाहुणे असतील सुधाकर," ती म्हणाली. "माझ्यासाठी चोरच हायत. सकाळी यष्टीनं जाऊ. तू साक्षीला चल."

सकाळी आम्ही ठाण्यात हजर. काकू, मी आणि विलास. विलासला मंगलनं पाठवलं होतं, मी आत राहिलो तर बाहेर कुणीतरी हवं म्हणून. समोर एक महिला हवालदार बसल्या होत्या. मी घरून पाठ करून आलेलं भाषण विसरलो. पण त्यांनी आधी काकूला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, मग माझ्याकडं वळल्या.

"मोटार विहिरीतून कुणी काढली?"

"त्या तिघांनी. आणि... मी."

"टेम्पोत कुणी चढवली?"

"जड बाजू माझ्याकडं होती."

"टेम्पो रुतला म्हणता. काढला कुणी?"

"मी. आणि हे." मी विलासकडं बोट दाखवलं. विलासनं छताकडं बघितलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग चोरांनी काय केलं, सर?"

"जेवले," मी म्हणालो.

पलीकडच्या टेबलावरचा शिपाई उठून बाहेर गेला. त्याचे खांदे हलत होते. बाई मात्र हसल्या नाहीत. (नंतर कळलं, त्यांनी ओठ दातांत धरले होते.) "चेहरे आठवतात का?" त्यांनी विचारलं.

इथं माझी छाती फुगली. मी चित्रकला शिक्षक! कागद मागितला, पेन्सिल मागितली आणि मिशीवाल्याचं चित्र काढायला घेतलं. मन लावून काढलं. छटासुद्धा दिल्या. बाईंनी कागद हातात धरला, चित्राकडं पाहिलं, मग विलासकडं पाहिलं, पुन्हा चित्राकडं.

"हे तुमच्यासोबत आलेले कोण?"

"मेहुणा. भोकरचा."

"भोकरला काय करतात?"

विलास घामाघूम झाला. चित्र हुबेहूब त्याचं आलं होतं. माझी एक खोड आहे : समोर जो बसलेला असतो, हात आपोआप त्याच्याकडं वळतो. विलास त्या दिवसापासून माझ्यासमोर बसत नाही.

"चेहऱ्याचं राहू द्या," बाई समजुतीनं म्हणाल्या. "गाडीचं काही? नंबर?"

"नंबर चिखलानं झाकला होता." मी पार खचलो होतो. "फळीवर मोर होता. तोही कुणीतरी भिकार काढला होता. तीन पाय होते त्याला. पिसाऱ्याखालून तिसरा पाय आला होता, निळा. ढकलताना तेवढंच बघत होतो, नुसता संताप आला होता मला!"

बाई ताठ बसल्या. "निळा पाय? डावीकडं?"

"डावीकडं. अंगठासुद्धा उलट्या बाजूला."

त्यांनी फोन उचलला. उदगीर रस्त्यावरच्या एका गॅरेजपाशी असला टेम्पो त्यांनी स्वतः पाहिला होता. फोन ठेवल्यावर काकूला म्हणाल्या, "मावशी, या भागातल्या लई मोटारी गेल्यात असं कानावर येतं. पण लिहून द्यायला एक माणूस येत न्हाई. कुणी बोलायचंच न्हाई, मग आम्ही हुडकायचं कसं?"

त्याच आठवड्यात टेम्पो सापडला, ते तिघे सापडले आणि टेम्पोमागची शेडही. शेडमध्ये नुसत्या मोटारी! ही बातमी गावात पोचली तशी ठाण्यासमोर रांग लागली. त्या रांगेत सगळ्यात पुढं दिगंबरआबा.

"आबा, तुम्ही इथं?"

"माझी बी गेलीय की," आबा खालच्या आवाजात म्हणाले. "पोरसालीच गेलीय. वरीस झालं."

"मग तेव्हा का न्हाई आलाव?"

"गेलेली चीज येती व्हय, म्हणून न्हाई आलो." आणि मग जरा थांबून, "आता येती म्हणतेत, तर आलो."

मला चोरांना ओळखायला आत बोलावलं. मी चष्मा पुसला, मन घट्ट केलं. पण मी तोंड उघडायच्या आत मिशीवाला हात जोडून म्हणाला, "नमस्कार साहेब. वहिनी बऱ्या हायत का? आंबील लई झाक हुती." बाईंनी नोंद घेतली. ओळख पटवायला मी गेलो होतो, पटवली चोरांनी. बारक्याकडं बघवेना. जेवू घातलेलं पोरगं ते. तरीही बाईंनी विचारल्यावर मी सरळ सांगितलं, "हाव, हेच तिघं." घरी जाताना वाटलं, इतकं काही अवघड नव्हतं हे.

कायद्याचे सोपस्कार उरकून मोटार काकूला परत मिळाली, आणि तोवर आबांनी आपणहून आपल्या नव्या मोटारीनं एक पाणी देऊन तिचा गहू तगवला. मोटार विहिरीत सोडायच्या दिवशी अर्धं गाव मदतीला आलं. महिला हवालदारही वाट वाकडी करून आल्या. मी बाह्या सारल्या, पाय कठड्याला लावला आणि दोराला हात घालणार, एवढ्यात काकूनं माझं मनगट धरलं.

"तू लांब उभा ऱ्हा बाबा," ती म्हणाली. "तुला निस्ती काढायची सवय हाय."

मी लांब उभा राहिलो. मोटार खाली गेली, बटण दाबलं, पाणी पाटानं गव्हात शिरलं. हवालदार बाई निघाल्या तेव्हा निदान त्यांची मोटारसायकल उतारावरून ढकलून द्यावी म्हणून मी पुढं झालो, तर त्यांनी आधी किल्ली काढून खिशात घातली.