निळ्या अस्तराचा समुद्र

आळंदच्या बाजारात एक म्हातारा जुन्या पुस्तकांना पुठ्ठे बांधायचा. भाषावार राज्यं होत होती; आमचा तालुका कुठल्या राज्यात जावा, याच्या सभेसाठी मला फलकाला जाड कागद हवा होता. त्याच्याकडं निळं अस्तर लावलेला समुद्राचा जुना नकाशा दिसला.

"अप्पा, ह्याची पाठ कोरी हाय. सभेच्या फलकाला द्या की."

"न्हाई. ह्यो सरकारी न्हाई, एका दुकानदारानं छापलेला हाय. जहाजवाले परतले की त्यांना इचारून पाण्याच्या खोलीचे आकडे हातानं दुरुस्त करायचा."

खोडलेल्या आकड्यांवरून त्यानं हळूच बोट फिरवलं.

"तुम्ही समुद्र बघितलाय?"

"न्हाई. तू फलकावर काय लिव्हायलास?"

"लोकांची मागणी."

"कुणाकुणाला इचारलास?"

मजकूर मी खोलीचं दार लावून एकट्यानं लिहिला होता.