साडूंचा क्लच

माणसाची पारख त्याच्या डाव्या पायावरून करणारा सबंध परभणी जिल्ह्यात एकच इसम असेल, आणि तो नेमका माझा साडू निघाला. कोण किती शिकलाय, कुणाच्या घरचा आहे, पगार काय, यातलं काहीही आमचे थोरले साडू विचारत नाहीत. माणसाला गाडी चालवताना एकदा बघतात आणि "ह्यो क्लचवर पाय ठिवून बसतोय" एवढं बोलून त्याचा कायमचा निकाल लावतात. त्यांनी नापास केलेल्यांत दोन डॉक्टर आहेत, एक इंजिनिअर आहे आणि मी तर आहेच. स्वतः त्यांनी सेलूला पाटबंधाऱ्याच्या कचेरीत कारकुनी करून पेन्शन घेतली. पण नोकरी ही त्यांच्या लेखी दोन रविवारांच्या मधली अडचण होती. खरं आयुष्य गेलं ते गाडीखाली.

गाडी म्हणजे गोल दिव्यांची, दुधी रंगाची, स्टीअरिंगच्या दांडीला गिअर असलेली जुनी मोटार. एका कापूस व्यापाऱ्याच्या गोदामात तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. तिथून साडूंनी तिला सोडवून आणली आणि पोटच्या पोरीसारखी सांभाळली. मी सेलूला मुलगी बघायला गेलो, तेव्हा होणाऱ्या सासऱ्यांच्या दारात हीच गाडी उभी होती आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आले होते. सासरे त्या पायांकडं हात करून म्हणाले, "हे आमचे थोरले जावई." मी पायांना जय भीम केला. पायांनी अंगठा हलवला. पोहे झाले, होकार झाला, सगळी बैठक आटोपली, तरी चेहरा काही बाहेर आला नाही. चहाचा कप तेवढा खाली अंथरलेल्या पोत्यावरून आत सरकवला गेला आणि रिकामा होऊन परत आला. साडूंचं तोंड मी पहिल्यांदा पाहिलं ते थेट माझ्या लग्नात.

गाडीखाली त्यांचं काम एकच, क्लच बसवणं. पेडल दाबलं की आधी थोडं नुसतंच खाली जातं आणि मग क्लच सुटू लागतो. या नुसतं जाण्याला ते 'प्ले' म्हणतात. तो बोटभर पाहिजे. जास्त झाला तर गिअर करकरतो, कमी झाला तर क्लच घसरतो आणि जळतो. खालच्या दांडीवरचा नट पाव आटा इकडं, पाव आटा तिकडं फिरवत हा बोटभर प्ले ते दर रविवारी साधत, आणि सोमवारी पुन्हा त्यांना तो बिघडल्यासारखा वाटे. एकदा मानवतहून पाथरीला आम्ही एसटीनं निघालो. हे ड्रायव्हरच्या पाठीमागं बसले आणि त्याचा क्लच किती वेळा चुकला ते सांगू लागले. गावाबाहेर त्यानं गाडी थांबवून आम्हा दोघांना अदबीनं खाली उतरवलं. पुढं खासगी जीप मिळाली. तिच्यात ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना इतकी माणसं होती, की क्लच तो दाबायचा आणि गिअर शेजारचा शेतकरी टाकायचा. साडू पाथरीपर्यंत त्या दोघांचे हातपाय बघत राहिले. उतरल्यावर म्हणाले, "लय जुळलंय हो दोघांचं."

पण एक दिवस असा, की त्या दिवशी साडूंच्या वेडाला सगळं गाव मान देतं. बाबासाहेबांच्या जयंतीच्या मिरवणुकीत तसबीर निघते ती याच गाडीच्या टपावर. माणसांच्या पावलानं, ढोलाच्या तालावर, मुंगीच्या वेगानं गाडी न्यायची, एकदाही हिसका बसू द्यायचा नाही आणि क्लच जळू द्यायचा नाही, हे येरागबाळ्याचं काम नव्हे. वर्षानुवर्षं ते साडूंनी केलं.

यंदा त्यांचा डावा गुडघा रुसला. पेडल पूर्ण खाली जाईना. साडूंनी डॉक्टरांना सांगितलं नाही, घरात सांगितलं नाही. गाडीखाली शिरून त्यांनी पाय पोचेल तिथंच क्लच सुटावा म्हणून प्ले कमी केला. आठवड्यानं आणखी कमी केला, म्हणजे क्लचवर कायम पाय ठेवून बसल्यासारखंच झालं. ज्या पापासाठी त्यांनी अर्ध्या जिल्ह्याला नापास केलं, ते त्यांनी स्वतः केलं. जयंतीच्या आधी गल्लीत चक्कर मारायला गाडी काढली, तर गाडी जागच्या जागी ओरडली आणि जळका वास घरोघर गेला. वास ओळखून जयंती समितीची पोरं आली. बिचारी खाली मान घालून म्हणाली, "काका, औंदा पिकअप सांगतो. तुमी पुढं बसा." साडू गाडीतून उतरले आणि फडक्यानं बॉनेट पुसू लागले.

बोलली ती अक्का, साडूंची बायको, माझी थोरली मेव्हणी. लेकीच्या हट्टापायी तिनं दोन वर्षांपूर्वी लायसन्स काढलं होतं, पण या गाडीची किल्ली तिला कधी मिळाली नव्हती. ती ओट्यावरून उठली, ड्रायव्हरच्या जागी जाऊन बसली आणि म्हणाली, "माझ्या पायाला बसवून द्या."

साडूंनी तिचा डावा पाय पेडलवर कुठवर पोचतो ते वाकून पाहिलं. मग पोतं अंथरून खाली शिरले. दुपारभर खालून "दाब", "सोड", "पुन्ना दाब" एवढंच ऐकू येत होतं. अक्का बुटकी, म्हणून तिच्या पाठीशी उशी दिली, पुन्हा खाली शिरले, पुन्हा नट फिरवला. शेवटी बाहेर येऊन त्यांनी पेडलवर हात ठेवून प्ले पाहिला. बोटभर होता. अगदी बोटभर.

आणि काय मिरवणूक निघाली म्हणून सांगू! पांढऱ्या साड्यांतल्या बायांनी अक्काला स्टीअरिंगवर बघितलं आणि ढोलापेक्षा त्यांचाच आवाज मोठा झाला. निळे झेंडे, गुलाबपाण्याचे फवारे, स्टेशनरोडला तर पाय ठेवायला जागा नव्हती, आणि त्या गर्दीतून गाडी पाण्यावरून सरकावी तशी चालली होती. चौकातल्या चढावर ढोलवाले अडून बसले. गाडी थांबली, उचलली, थांबली, उचलली. हिसका नाही, वास नाही. मी मागच्या सीटवर जीव मुठीत धरून बसलो होतो. साडू पुढं डावीकडं, त्या गाडीत पहिल्यांदाच त्या बाजूला. अक्का क्लच दाबी तेव्हा त्यांचा दुखरा पाय समोरच्या मॅटवर दाबला जाई आणि ती सोडी तसा हळूहळू सुटे. दोघांचं एकदाही मागंपुढं झालं नाही.

परवा सेलूला गेलो तर गाडी अंगणात बंद उभी होती आणि साडू एकटेच ड्रायव्हरच्या जागेवर. पेडल दाबून बघत होते. ते अर्ध्याच्या पुढं जात नव्हतं. मला राहवलं नाही. म्हणालो, नट फिरवून क्लच थोडा तुमच्या पायाचा करून घ्या, गल्लीपुरता तरी.

"नगं," ते म्हणाले, "तिला उद्या पाथरीला जायचंय लेकीकडं."

मग मी पलीकडून दार उघडून त्यांच्या शेजारी बसलो, आणि कुठंही न जाता आम्ही दोघे साडू बराच वेळ तसेच बसून राहिलो.