थेक्लाची गाठ आणि बेसिलचा डोळा

थेक्ला ह्रिंकोच्या तोंडी लागायला पिट्सबर्गच्या त्या नदीकाठच्या वस्तीत कुणी धजत नसे. पोलादाचा कारखाना बंद पडला, पूर्व युरोपातून आलेल्या रुसिन लोकांची निम्मी घरं ओस पडली, पण टेकडीवरच्या चर्चमध्ये पहिला सूर तिचाच. तिथे वाद्य नाही. वेदीसमोरच्या उंच चौरंगापाशी उभी राहून तिने सूर धरला की सगळं चर्च मागून येतं. तिच्या शेजारी गाणारा बेसिल डुडाश कित्येक वर्षं त्या जागेवर डोळा ठेवून होता. बोलायला गोड आणि पोटात पाप.

मग तिला डाव्या कानाने कमी ऐकू येऊ लागलं. कवटीच्या तळाशी, ऐकण्याच्या नसेवर गाठ निघाली. साधी गाठ, कॅन्सर नव्हे.

"कापून काढा आणि मोकळं करा मला," थेक्ला म्हणाली.

"कापताना चेहऱ्याची नस दुखावली तर तोंड वाकडं होईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाहेरून बारीक किरण सोडू, सगळे त्या गाठीवरच एकवटतील. गाठ राहील, पण बहुतेक वाढायची थांबेल. गेलेलं ऐकू मात्र परत येणार नाही."

"म्हणजे भाडेकरू घरातच, फक्त हातपाय पसरणार नाही," थेक्ला फणकारली. पण वाकड्या तोंडाने गाणार काय? ती तयार झाली.

डोकं हलू नये म्हणून कपाळ बधिर करून त्याला स्क्रूने चौकट बसवली. यंत्रात पडल्यापडल्या तिने बेसिलला मनसोक्त शिव्या घातल्या आणि संध्याकाळी घरी आली.

तोवर बेसिलने गावभर केलं होतं, "किरण दिले म्हणजे कॅन्सरच. बिचारी." बायका कोबीच्या पानांत गुंडाळलेला भात-खिमा घेऊन दारात.

"मयताचं जेवण माणूस मेल्यावर आणतात, ऑल्गा," थेक्ला म्हणाली आणि दार लावून घेतलं.

फादर रोमानिकही आले. "एका कानाने कसं जमणार? बेसिल सांभाळेल."

"सांभाळेल की बळकावेल, फादर?"

"रविवारी ये. तुझ्यासाठी गाऊ, मग ठरवू."

रविवारी ती कपाळावरच्या खुणा न झाकता आली. चौरंगापाशी बेसिल उभा. तिला बाकावर बसवलं.

"थेक्लासाठी 'उदंड वर्षं'," फादर म्हणाले.

जिवंत माणसासाठी ते गातात. मेलेल्यासाठी 'चिरंतन स्मृती'. इतकी वर्षं बेसिलच्या वाट्याला बहुतेक मयतंच आली होती. त्याने तोंड उघडलं आणि सवयीने 'चिरंतन स्मृती' बाहेर पडलं. मागून येण्याची सवय झालेलं चर्चही मागून आलं.

पहिली ओळ संपेपर्यंत सगळ्यांच्या लक्षात आलं. पण सुरू केलेलं तीनदा पुरं करायचं, मध्ये सोडायचं नाही, ही तिथली रीत. बेसिलला दरदरून घाम फुटला. फादर खाली बघत राहिले.

थेक्ला उभी राहिली. स्वतःचंच मयत ती शेवटपर्यंत खणखणीत गायली, आणि दुसऱ्या वेळेपासून चर्च बेसिलला सोडून तिच्या मागे गेलं.

मग ती चौरंगापाशी गेली.

"माझं मयत गाऊन झालं. आता कुणी वाट बघत बसू नका. हो बाजूला, बेसिल."

बेसिल सरकला. फादरनी मान डोलावली.

"आता 'उदंड वर्षं'," थेक्ला म्हणाली. "बेसिलसाठी. त्याला अजून पुष्कळ वर्षं माझ्या शेजारी उभं राहायचंय."