वासराचा दात

ताई मंगळवारी गेली. शुक्रवारी शोकसभेत तिचे सर, पुरातत्त्वाचे प्राध्यापक, तिला "माझी आज्ञाधारक विद्यार्थिनी" म्हणाले.

परतताना आरे कॉलनीत शेणाचा वास आला आणि तीस वर्षांपूर्वीचा तबेला डोळ्यांसमोर उभा राहिला. ताईने गव्हाणीतून वासराचा गळलेला दात उचलला होता. एका प्राचीन वस्तीच्या उत्खननात, शेणाच्या राखेच्या थराखाली, तिला अगदी तसेच दात सापडले होते.

"बघ गं, मूळ विरघळलंय. जनावर जिवंत असतानाच पडलाय हा. उत्खननातलेही असेच. म्हणजे तिथे नुसती शिकार नव्हती, गोठा होता. ती माणसं गुरं पाळत होती!"

सोबत आलेले सर हसले. "तू दाताचा दवाखानाच काढ." त्यांच्यासोबत मीही हसले. ते हसणं आता मला सहन होत नाही.

वर्षभरात तोच निष्कर्ष सरांच्या नावाने छापून आला. ताई म्हणाली, "जाऊ दे गं."

काल तिच्या कपाटात टिपणवही सापडली. त्या दिवसाच्या पानावर तिने गोठ्याचं सगळं लिहिलं आहे. खाली सरांचा लाल शाईतला शेरा, "चूक", सहीसकट.

पुढच्या महिन्यात सरांचा सत्कार आहे. चार शब्द बोलायला मला बोलावलंय. मी हो म्हटलं आहे. ताईचं आता एवढंच उरलं आहे, ते पान आणि माझी दहा मिनिटं.